गाडीचा अलार्म विनाकारण वाजत नाही

अमरावतीच्या इतवाऱ्यात किंवा अकोल्याच्या ताजनापेठेत रात्री दोन वाजता एखाद्या मोटारीचा सायरन वाजू लागला, तर आता कोणी खिडकी उघडून पाहत नाही. शेजारी कूस बदलतात, दोन शब्द पुटपुटतात. मालक झोपेतच उशाखालचा रिमोट दाबतो आणि पुन्हा डोळे मिटतो. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे, पण आज प्रत्येक गल्लीत ती रोज घडते आहे. ज्या व्यापाऱ्याने दुसऱ्या दिवशीच्या फेरीचा माल रात्रीच गाडीत भरून ठेवला आहे, त्याला ही झोप फार महाग पडू शकते. मोटारीचा विमा मोटारीपुरता असतो. डिकीतल्या साड्यांचे आणि ड्रेस मटेरियलचे पैसे त्या पॉलिसीतून मिळत नाहीत, हे पुष्कळ व्यापारी बंधूंना माल गेल्यानंतरच कळते.

मी कापडाच्या धंद्यातला माणूस, मिस्त्री नाही. परंतु या सायरनची तक्रार इतक्या दुकानदारांच्या तोंडून ऐकली, आणि चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनांच्या स्टुलाशेजारी बसून इतके पाहिले, की चार गोष्टी लिहाव्यात असे वाटले. पहिली गोष्ट ही की अलार्म विनाकारण वाजत नाही. त्याला कुठून तरी ‘दार उघडले’ किंवा ‘धक्का बसला’ अशी खबर पोहोचते म्हणून तो ओरडतो. खबर खोटी असते, ओरडणारा खोटा नसतो. तेव्हा खोटी खबर देणारा कोण एवढेच शोधायचे असते. आपल्याकडे होते उलटेच. शोध घेण्याआधी सामान बदलले जाते, आणि ज्याने काही केले नाही त्या सायरनचाच प्रथम बळी जातो.

खबर कुठून कुठून जाते?

डॅशबोर्डखाली एक लहान डबा असतो. गाडी रिमोटने बंद केली की तो पहाऱ्यावर बसतो. त्याच्याकडे चारही दारांच्या, डिकीच्या आणि बोनेटच्या स्विचच्या तारा येतात. इग्निशनची तार येते. बाहेरून बसवलेल्या बहुतेक अलार्ममध्ये एक शॉक सेन्सर असतो. त्याला हादरा कळतो आणि किती हादऱ्याला ओरडायचे हे त्याच्यावरच्या लहान स्क्रूने कमी-जास्त करता येते. काही महागड्या गाड्यांत छताजवळ आणखी एक सेन्सर असतो. तो कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी सोडतो आणि आत काही हलले की ओळखतो. या सगळ्यांतून एकाने जरी हाक दिली तरी डबा सायरनला हुकूम देतो. सायरन हा फक्त तोंड आहे.

हे एवढे समजले तरी निम्मे काम होते. कारण पुष्कळ अलार्म स्वतःच सांगतात की हाक कोणी दिली. सायरन वाजून गेल्यावर रिमोटने गाडी उघडताना डॅशबोर्डवरचा लहान लाल दिवा ठराविक वेळा उघडझाप करतो, किंवा सायरन ठराविक वेळा चिवचिवतो. दोनदा म्हणजे दार, तीनदा म्हणजे धक्का, असा त्या त्या कंपनीचा हिशेब असतो आणि तो अलार्मसोबत मिळालेल्या पुस्तिकेत छापलेला असतो. ती पुस्तिका आपण गाडी घेतल्याच्या दिवशीच मिठाईच्या डब्याबरोबर कुठे ठेवतो कोण जाणे. शोधून काढा. तिच्यातले ते एक पान मिस्त्रीच्या दोन तासांच्या मेहनतीएवढे मोलाचे आहे.

चलान बुकाने पकडलेली चोरी

अकोल्यातील एका परिचित कापड व्यापाऱ्याची हकीकत सांगतो, कारण ती आपल्याच धंद्यातली आहे. हे गृहस्थ आठवड्यातून तीन-चार दिवस बोरगाव मंजू, मुर्तिजापूर, बडनेरा करीत अमरावतीपर्यंत जातात आणि लहान दुकानदारांना जांगड माल देतात. गाडी लहान, मागे वर उघडणाऱ्या झाकणाची डिकी. थंडीच्या दिवसांत त्यांचा अलार्म पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान वाजू लागला. रोज नाही, अधूनमधून. घरात म्हातारी आई आजारी, समोर नमाजी शेजारी, बाजूला परीक्षेची मुले. सगळ्यांची तोंडे वाईट झाली.

एका ठिकाणी त्यांना नवीन सायरन बसवून दिला. आठ दिवसांनी तो नवा सायरन जुन्यापेक्षा मोठ्या आवाजात वाजला. दुसऱ्या ठिकाणी बॅटरी बदलली. तिसऱ्या ठिकाणी, पूर्ण अलार्मच काढून दुसऱ्या कंपनीचा लावा, असा सल्ला मिळाला. तोपर्यंत साडेपाच हजार रुपये गेले होते. प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट समान होती. गाडी दिवसा, रिकामी, गॅरेजमध्ये उभी असायची आणि तिथे ती कधीच वाजायची नाही. आजार पहाटेचा आणि तपासणी दुपारची!

शेवटी कोणीतरी त्यांना एका जुन्या इलेक्ट्रिशियनकडे पाठवले. पत्र्याचे दुकान, एक टेस्ट लॅम्प, एक मल्टिमीटर, आणि हाताखाली एक पोरगा. त्या उस्तादाने बोनेट उघडलेच नाही. त्याने विचारले, “सेठ, कोणकोणत्या रात्री वाजली?” हे म्हणाले, “अशी तारीख कोण लक्षात ठेवतो?” उस्ताद म्हणाला, “मग आधी तारखा आणा, गाडी नंतर आणा. गाडीत त्या रात्री काय होते, ती कुठे उभी होती, तेही लिहून आणा.”

घरी येऊन त्यांनी मुलांना, शेजाऱ्यांना विचारून अकरा रात्री नक्की केल्या. रागावलेल्या शेजाऱ्याला तारीख फार चांगली आठवते. मग चलान बुक काढले. अकराच्या अकरा रात्री अशा निघाल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी होती, म्हणजे माल रात्री भरलेला होता. गाडी रिकामी होती त्या एकाही रात्री अलार्म वाजला नव्हता. दोन रात्री माल असूनही शांत गेल्या होत्या. चलान पाहिले तर त्या दिवशी नुसते कटपीसचे दोन गठ्ठे होते.

आता उस्तादाने गाडी मागवली आणि मालासकट मागवली. डिकी नेहमीसारखी दाबून भरायला लावली, झाकण आपटून बंद करायला लावले आणि पोराला आत मागच्या सीटवर बसवून झाकणाला आतून हलके हलके ढकलायला सांगितले. डॅशबोर्डवरचा ‘डिकी उघडी’चा दिवा क्षणभर लागला आणि विझला. चोर सापडला. या गाडीत डिकीचा स्विच लॉकच्या आतच असतो. वर्षानुवर्षे झाकण आपटून तो झिजला होता. कापडाचे गठ्ठे आतून झाकणाला रेटत होते, म्हणून लॉक लागलेले असूनही स्विच ऐन काठावर उभा होता. पहाटे गारव्याने पत्रा आणि रबर केसभर आकसले, किंवा रस्त्याने एखादा ट्रक गेला, की त्याचा संपर्क सुटायचा. डब्याला वाटायचे कोणी डिकी उघडली.

लॉकचा स्विच बदलला, आकडा थोडा आत घेतला, झाकणाचे रबरी ठोकळे नीट केले. माल झाकणापासून दोन बोटे खाली ठेवायचा असे सांगितले. आधीच्या खर्चाच्या मानाने हा खर्च फारच थोडा होता. मला या हकीकतीत विशेष वाटले ते चलान बुकाचे. रोजमेळात दहा रुपयांची तूट आली तर आपण तिजोरी बदलत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या नोंदीत ती आली ते शोधतो. गाडीलाही तीच रीत लावायची आहे.

वऱ्हाडाचे हवामान आणि अलार्म

आपल्या भागातली कारणे ऋतूप्रमाणे बदलतात. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा बंद गाडीच्या आत काय होत असेल याचा विचार करा. बाहेरून बसवलेला शॉक सेन्सर पुष्कळदा दोन बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने डॅशबोर्डखाली डकवलेला असतो. उन्हाने ती पट्टी वितळते, सेन्सर सुटून तारेला लोंबकळतो. मग शेजारून बुलेट गेली तरी तो हेलकावे खातो आणि हाक देतो. हा सेन्सर स्क्रूने पक्का कसलेला असावा. मालक मात्र तक्रार करतात की ‘सेन्सिटिव्हिटी वाढली’, आणि मिस्त्री स्क्रू फिरवून ती इतकी कमी करतो की उद्या कोणी काच फोडली तरी अलार्म गप्प राहील.

उन्हाळ्यातच लोक हवा खेळावी म्हणून काच बोटभर खाली ठेवतात. ज्या गाडीत छताजवळचा लहरींचा सेन्सर आहे तिला हे चालत नाही. वारा आत शिरतो, आरशाला टांगलेली माळ किंवा सुगंधाची बाटली झुलते, आणि सेन्सरला वाटते आत माणूस आहे. अशा गाडीत माळ काढा, काच पूर्ण लावा, आणि दोन रात्री पाहा. एक पैसा खर्च नाही. या गाड्यांत हा सेन्सर तेवढा बंद ठेवण्याची सोयही बहुधा असते; लहान मूल किंवा कोणी झोपलेले माणूस आत असेल त्या वेळेसाठी ती दिलेली असते.

पहिल्या पावसात तक्रार बोनेटच्या स्विचची येते. तो इंजिनाच्या बाजूला, उघड्यावर, सगळ्यात वाईट जागी बसलेला असतो. आठ महिने त्याच्यावर धूळ चढते, जूनमध्ये तिचा चिखल होतो, मग गंज. जुन्या पद्धतीच्या अलार्ममध्ये ही एक स्प्रिंगची खुंटी असते. बोनेट खाली बसले की ती दाबली जाते. खुंटी अडकली, किंवा बोनेटचे रबर बसून फट वाढली, की ती पूर्ण दाबली जात नाही. वॉशिंग सेंटरमध्ये जोराच्या पाण्याने इंजिन धुऊन आणले आणि त्याच रात्री सायरन वाजला, तर दुसरीकडे शोधूच नका. स्विच काढून साफ करा, तारेचे टोक कोरडे करा. बदलायचा झाला तरी ही स्वस्तातली वस्तू आहे.

जुन्या ओम्नी, मारुती ८०० यांसारख्या गाड्यांच्या दारांत अशाच खुंट्या असत, आणि त्या अजूनही आपल्या गावांत मालाच्या फेऱ्या करताना दिसतात. त्यांची तपासणी सोपी आहे. आतला दिवा ‘दार उघडल्यावर लागेल’ असा ठेवा, दारे लावा आणि रात्री एकेका दाराला आतून ढकलून पाहा. दिवा लुकलुकला तर ते दार गुन्हेगार. नव्या गाड्यांत स्विच दाराच्या लॉकमध्ये गेला आहे. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून जाणाऱ्या तारा दार उघडझाप करून आतल्या आत तुटतात, वरून रबर साबूत दिसते. मागच्या झाकणाच्या तारांचे हाल तर विचारू नका. घरगुती गाडीची डिकी दिवसातून एकदा-दोनदा उघडते. आपली प्रत्येक दुकानासमोर उघडते.

हिवाळ्यात उंदीर. अकोल्यात दालमिल आणि सरकीची गोदामे जिथे आहेत तिथल्या गाडीवाल्यांना हे सांगायला नको. इंजिन गरम असते, रात्र थंड असते, उंदीर बोनेटखाली ऊब घेतो आणि बसल्या बसल्या तारा कुरतडतो. अर्धी कुरतडलेली तार ओलाव्याने पत्र्याला टेकली की अलार्म वाजतो, सकाळी सुकली की सगळे ठीक. अशा दोषाला गॅरेजमध्ये पकडणे फार कठीण. बोनेट उघडून बॅटरीच्या खाली आणि फायरवॉलच्या कडेला लेंड्या, तुरीची टरफले दिसतात का ते बघा.

रस्त्याचाही यात वाटा आहे. अमरावती–अकोला महामार्ग, जो आधी ६ क्रमांकाचा होता आणि आता ५३ क्रमांकाचा आहे, त्याच्या खड्ड्यांनी कितीतरी गाड्यांची जोडणी सैल केली. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, हे वाचकांना आठवत असेल. रस्ता सुधारला, पण त्याआधी सैल झालेली टर्मिनल आपोआप घट्ट झालेली नाहीत.

बॅटरीचा दोष कधी मानावा

बॅटरीला दोष देण्याची सवय मात्र अगदीच चुकीची नाही. बॅटरी उतरली की डब्याला दाब कमी पडतो, आणि काही अलार्म कमी दाबालाच कोणी तार कापल्याची खूण समजतात. पण बदलण्याआधी मोजा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू करण्यापूर्वी मल्टिमीटर लावला तर चांगल्या बॅटरीत साधारण १२.६ व्होल्ट मिळतात. १२.२ च्या आसपास असेल तर ती अर्धीच भरलेली आहे. इंजिन चालू करून १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा आला नाही, तर दोष भरणाऱ्याचा, म्हणजे अल्टरनेटर किंवा बेल्टचा असू शकतो आणि नवी बॅटरीही महिन्यात बसेल. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल तर आधी तो काढा. लग्नसराई संपल्यावर किंवा बाजार मंद असताना गाडी पंधरा पंधरा दिवस उभी राहते, तेव्हाही बॅटरी उतरते.

काही सायरनच्या पोटात स्वतःची लहान बॅटरी असते, चोराने मुख्य तार कापली तरी वाजावे म्हणून. ती काही वर्षांनी खराब होते आणि मग सायरन कोणी न सांगताच वाजतो, रिमोटलाही दाद देत नाही. सायरन बदलणे योग्य ठरते ते अशा वेळी. ओळख अशी की मुख्य बॅटरीची तार काढली तरी तो ओरडतच राहतो.

आणि कुर्त्याच्या खिशाला विसरू नका. चाव्यांच्या जुडग्यात रिमोट, वर गल्ल्याच्या चाव्या, त्यावर आपण गादीवर बसलेले. पॅनिकचे बटण दाबले जाते आणि बाहेर गाडी बोंबलते. दुपारी दुकानात असतानाच अलार्म वाजत असेल तर आधी खिसा तपासा.

शोध घेण्याची रीत

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ज्या दिवशी बॅटरी बदलली त्याच दिवशी बोनेटचा स्विच साफ केला आणि सेन्सरही कमी केला, तर अलार्म थांबला तरी कशाने थांबला ते कळणार नाही. शॉक सेन्सरवर संशय असेल तर त्याचे सॉकेट एका रात्रीपुरते काढून ठेवा. पहाट शांत गेली, दुसरीही गेली, तर माणूस सापडला. दारांच्या आणि बोनेटच्या तारा मात्र स्वतः काढू नयेत. काही अलार्ममध्ये तार सुटली म्हणजे ‘बंद’, तर काहींत सुटली म्हणजे ‘उघडे’ असा अर्थ होतो, आणि घरच्या घरी केलेल्या प्रयोगाने गुंता वाढतो. त्या रात्रींत गाडीत माल ठेवू नये हे सांगायला नकोच.

सायरनची तारच कापून टाकणे हा सर्वात प्रचलित इलाज आहे. मालक सुखाने झोपतो, दिवा लुकलुकत राहतो. चोराला मात्र कापलेला सायरन लवकर ओळखता येतो. विम्याच्या दृष्टीनेही पाहा. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये, पुण्याच्या एआरएआय संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी यंत्र बसवलेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट होती. २००७ पासून कंपन्यांना दराची मोकळीक मिळाली, म्हणून आपल्या पॉलिसीत अशी सूट लिहिली आहे का ते पाहा. सूट घेतली असेल आणि यंत्र कापून ठेवले असेल, तर दाव्याच्या वेळी उत्तर देणे जड जाते. गाडीची वाजवी काळजी घेण्याची अट पॉलिसीत असतेच.

शेजाऱ्यांचा हक्कही कायद्यात आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि जवळून मोजला तर सायरन १०० च्या वर जातो. इस्पितळाजवळच्या शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० आहे. आपल्या वस्तीत दुकान खाली, घर वर, आणि दोन घरांत एकच भिंत. तिथे तक्रार पोलिसांपर्यंत न जाता मनात राहते, हे जास्त वाईट.

आता थोडे कारागीर बंधूंसाठी. अकोल्याच्या त्या उस्तादाने स्विचचे पैसे वेगळे आणि शोधण्याची मजुरी वेगळी सांगितली. आमचे व्यापारी मित्र आधी अडखळले, कारण बिलात ‘शोधण्याची मजुरी’ अशी ओळ त्यांनी कधी पाहिली नव्हती. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन सामानात नफा काढतो, कारण गिऱ्हाईक डोक्याचे पैसे देत नाही. मग सामान बदलण्यातच त्याचे पोट असते, आणि निर्दोष सायरन, निर्दोष बॅटऱ्या बदलल्या जातात. डॉक्टरला आपण तपासणीची फी देतो, औषध लिहिले नाही तरी देतो. तासाचा दर आधी ठरवा, काढलेले जुने सामान गिऱ्हाइकाच्या हातात द्या, आणि गाडीच्या वहीत तारीख, दोष, काय केले ते एका ओळीत लिहून द्या. गिऱ्हाईक दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले तरी ती वही त्याच्याबरोबर जाईल. ज्यांच्या हाताखाली शागीर्द आहेत त्यांनी पोरांना टेस्ट लॅम्पबरोबर प्रश्न विचारायलाही शिकवावे. किती वाजता, कुठे उभी होती, आत काय होते, काल काय दुरुस्त केले.

थंडी सुरू होण्याआधी, दिवाळीच्या आसपास, रिमोटचा सेल बदलून घ्यावा. बहुतेकांत ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल लागतो. दिवाळीत फटाक्यांच्या हादऱ्याने चांगला अलार्मही वाजणारच, त्या चार रात्री हिशेबात धरू नका.